गुंजभर मीठ

सांगली, रविवार, ८ नोव्हेंबर १९६४

तीस वर्षं मी सरकारी दौऱ्याची दैनंदिनी लिहिली. म्हसवडच्या बाजारात किती तराजू तपासले, कडेगावात कुणाची खोटी मापं जप्त केली, मलकापुरात मुक्काम कुठे केला, सगळं त्यात असे आणि महिनाअखेरीला ती साहेबांपुढे सादर होई. ही वही कुणापुढे सादर करायची नाही. त्यामुळे अर्धा तास टाक हातात धरून नुसताच बसलो.

आज हिला मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणलं. पाच आठवडे तिथे होती. २ ऑक्टोबरला सकाळी ताक घुसळताना हिच्या छातीत कळ आली आणि डाव्या हाताला मुंग्या आल्या. मी म्हणालो, पित्त असेल, आणि खायचा सोडा पाण्यात घालून दिला. तो हार्ट ॲटॅक होता. तो सोडा अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आमच्या गल्लीतले डॉक्टर मगदूम संध्याकाळी येऊन सगळं समजावून गेले. म्हणाले, "वहिनींच्या हृदयाचा एक भाग कायमचा अशक्त झालाय. मिठाने अंगात पाणी साठतं आणि त्या पाण्याचा भार हृदयावर येतो. तेव्हा मीठ बंद. कमी नाही, बंद. तूप, लोणी, खोबरं बंद. पापड, लोणचं, सोडा बंद. करडईचं तेल दिवसाला दोन चमचे. थोडं थोडं, चार वेळा. पुन्हा पाणी साठलं तर मी काही खात्री देऊ शकणार नाही." हे शेवटचं त्यांनी अंगणात आल्यावर, चप्पल घालता घालता सांगितलं.

मुलगी क्षमा उद्या साताऱ्याला परत जाते, तिची शाळा उघडली. म्हणाली, "अण्णा, तुम्हाला चहासुद्धा येत नाही. आईला मी घेऊन जाते." ही पडल्या पडल्या म्हणाली, "मी माझं घर सोडून कुठे जाणार नाही." मी म्हणालो, "स्वयंपाक म्हणजे मोजमापच ना? मोजमापात माझी आजवर चूक झालेली नाही." क्षमाने नाताळपर्यंतची मुदत दिली आहे.

मंगळवार, १० नोव्हेंबर

हिची खाट माजघरात अशी लावली आहे की पडल्या पडल्या स्वयंपाकघर दिसतं. तिथून हुकूम सुटतात. "पीठ अजून मळा. आणखी. नुसतं कुरवाळताय काय? आता परातीत थापा, कडेकडेने, गोल फिरवत."

पहिली भाकरी जुन्या मुंबई राज्याच्या नकाशासारखी झाली. दुसरी तव्यावर टाकताना तिच्यातून गुजरात वेगळा झाला. ही इतकी हसली की मला भीती वाटली, हसणं चालतं का हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं होतं.

बाळाबाई भांडी घासायला आली तेव्हा मी तव्यापुढे धोतर खोचून बसलो होतो. ती गेली बारा वर्षं सांगलवाडीहून पूल ओलांडून आमच्याकडे कामाला येते. तोंडावर पदर धरून म्हणाली, "आवं अण्णा, तवा तरी तापू द्या. दुकानदार भ्यायचं तुमाला, तवा कशाला भील?"

दोडक्याची भाजी केली, अर्थात मिठाशिवाय. हिने दोन घास खाल्ले, "छान झालीय" म्हणाली आणि ताट सरकवलं. मी चाखून पाहिली. ओला कागद चावल्यासारखं वाटलं.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

काल दुधी, आज पडवळ. तीन घास, दोन घास. दूध-भाकरी तेवढी कशीबशी जाते. हिच्या हाताची हाडं दिसायला लागली आहेत.

एक गोष्ट सारखी आठवते आहे. एकतीस वर्षं ही मला वाढते आणि मी पहिला घास घेतला की विचारते, "मीठ बरोबर आहे ना?" बरोबर असलं तर मी काहीच बोलत नसे. बोलायचं काय त्यात? वजन बरोबर निघालं म्हणून आम्ही कधी दुकानदाराचा सत्कार केला नाही. कमीजास्त असलं तरच शेरा. ते शेरे मात्र मी भरपूर मारले. हिच्या एकतीस वर्षांच्या स्वयंपाकावर माझे फक्त वाईट शेरे आहेत, हे आज पडवळ चिरताना लक्षात आलं आणि फार लाज वाटली.

माझ्यापुरती वेगळी भाजी करत नाही. दोन पातेली कोण सांभाळणार?

शनिवार, १४ नोव्हेंबर

नाथाजीच्या वखारीतला हळदीचा काटा मागवला. १९५८ साली हाच काटा मी जप्त केला होता, पोत्यामागे पावशेर मारत होता. आता दुरुस्त आहे. नाथाजीने काही मनात न ठेवता हमालाबरोबर पाठवून दिला. मी आधी वजनं लावून तो तपासला आणि मग हिला वर बसवलं.

"पोत्यासारखी तोलताय मला?"

"हलू नकोस, काटा थरथरतो."

"शिक्का कुठे मारणार?" असं ही म्हणाली आणि बाळाबाई हातातली कळशी ठेवून हसत बसली.

शेहेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. दवाखान्यात जाण्याआधी नक्की पन्नासच्या वर असणार. लुगड्याला हळद लागली ती झटकू दिली नाही, म्हणाली, असू दे, सवाष्णीला चांगली.

सोमवार, १६ नोव्हेंबर

आज फार मोठी गोष्ट झाली, व्यवस्थित लिहून ठेवतो.

हिचा सोमवारचा उपास. डॉक्टरांनी उपास करू नका म्हणून सांगितलं आहे, पण ही म्हणाली, निदान वरीचे तांदूळ तरी करा, सोमवार आहे असं वाटेल. मी उपासाच्या फळीवरचे डबे काढले. वरी, राजगिरा, आणि एका बरणीत शेंदेलोणाचे गुलाबी खडे. बरणी हातात घेतली आणि एकदम लक्षात आलं.

उपासाला मीठ वर्ज्य. उपासाला शेंदेलोण चालतं. म्हणजेच शेंदेलोण हे मीठ नव्हे. माझ्या आईने, आजीने, हिने, सगळ्यांनी जन्मभर हेच पाळलं. इतके दिवस उपाय फळीवर होता आणि मी हिला ओला कागद खाऊ घालत होतो.

खडा कुटला, वरीच्या तांदळात घातला, वर जिरं आणि लिंबू. हिने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यापासून असं पाहिलं नव्हतं.

"ह्यात काय आहे?"

"शेंदेलोण."

"चालतं? डॉक्टरांना विचारलंत?"

"हो, विचारलं." चष्म्यावर वाफ धरली होती, तो काढून पुसला.

विचारलेलं नाही. उद्या विचारतोच. पण हिने वाटी चाटूनपुसून संपवली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, डोळ्यांत पाणी आलं होतं ते हिला दिसायला नको.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

आता रोज सगळ्यात शेंदेलोण. मेथीची भाजी, लसूण चुरचुरीत करून, करडईच्या तेलात, तेल चमच्याने मोजून. भाकऱ्या आता गोल होतात. हिने काल दीड भाकरी खाल्ली. आज मला म्हणाली, "तुमच्या हाताला चव आहे हो." एकतीस वर्षांत मी हे वाक्य हिला एकदाही म्हणालो नाही, आणि ही मला दहा दिवसांत म्हणून मोकळी झाली.

डॉक्टर परवा रस्त्यात भेटले होते, पण सायकलवर होते आणि घाईत होते. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला थांबवायचं म्हणजे संकोच वाटतो.

बुधवार, २५ नोव्हेंबर

हिला रस्त्यावरची गंमत बघायची हौस फार. दोन उशांवर डोकं ठेवलं तर खिडकीतून फक्त समोरचं छप्पर दिसतं म्हणून तिसरी उशी मागितली. क्षमाच्या खोलीतली दिली. आता म्हणते छान दिसतं आणि झोपही बरी लागते.

पायातली जोडवी घट्ट झाली म्हणून साबण लावून काढली. बांगड्याही मनगटात बसल्या आहेत. अंग भरतंय. क्षमाला कार्ड टाकलं: आईची तब्येत सुधारते आहे.

शनिवार, २८ नोव्हेंबर

काटा पुन्हा मागवला. एकोणपन्नास किलो तीनशे ग्रॅम! चौदा दिवसांत तीन किलो शंभर. मी काटा दोनदा तपासला, चूक नाही. वहीत हा आकडा लिहिताना हात हलका झाला. हमालाला चहा दिला, मीच केलेला.

ही काट्यावरून उतरताना दमली. म्हणाली, फार वेळ ताठ बसले ना, म्हणून.

बुधवार, २ डिसेंबर

डॉक्टर आज तपासायला आले. मी उत्साहाने वजनाचा आकडा सांगितला. ते खूश झाले नाहीत. हिच्या पायावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. मी बघत होतो, तो भरून यायला बराच वेळ लागला.

"किती उशा घेता वहिनी?"

"तीन."

"आधी किती घेत होतात?"

मी म्हणालो, "रस्ता दिसावा म्हणून घेते." डॉक्टर हिच्याकडे बघत राहिले आणि हिने मान फिरवली.

मला अंगणात नेलं. "हे वजन मांसाचं नाही नारायणराव, पाण्याचं आहे. आडवं झालं की दम लागतो म्हणून उशा लागतात. ह्यांच्या पोटात कुठून तरी मीठ जातंय."

"गुंजभरही नाही," मी म्हणालो. "माझ्या हाताने रांधतो. मी शपथेवर सांगतो."

"मग दुसरं कुणी देतंय ते शोधा. आज इंजेक्शन देतो. पण मीठ जात राहिलं तर इंजेक्शनाचा काय उपयोग? हे हृदय दुसरा झटका सोसणार नाही."

आत आलो तर ही विचारते, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "काही नाही, थोडी सूज आहे." चष्मा पुसता पुसता पाहिलं तर हिच्या बांगड्यांखाली हाताला वळ पडले होते. ते मला चार दिवस आधी दिसायला हवे होते.

शुक्रवार, ४ डिसेंबर

तीस वर्षं चोर पकडले आहेत. दोन दिवस लक्ष ठेवलं. घरात येणारं माणूस एकच, बाळाबाई. दुपारी माझा डोळा लागतो तेव्हा ती हिच्यापाशी बसते.

आज मी झोपलो नाही. बाळाबाई मागच्या दारी आली तर पदराखाली झाकलेली वाटी. मी उभाच होतो.

"काय आहे त्यात?"

"वैनीस्नी हाय जरासं."

"लोणचं? खारातली मिरची? वहिनींचा जीव जाईल ह्याने, कळतं का तुला? मी एकेक दाणा मोजतो आणि तू मागच्या दाराने मीठ चारतेस?"

तिने वाटी पायरीवर ठेवली. "बारा वर्सं झाली अण्णा," एवढंच म्हणाली आणि पदर नीट करून निघून गेली.

वाटीत खरवस होता. तिची म्हैस व्यालेली आहे, हिला खरवस आवडतो. गुळाचा, वेलची घातलेला. मी चाखला. त्यात मिठाचा कणही नव्हता. पण म्हणून काय, आधी काही दिलं नसेल असं सिद्ध होत नाही.

रविवार, ६ डिसेंबर

भांडी मी घासतो. तळवे फाटले. हिला अजून काही सांगितलेलं नाही, बाळाबाई आजारी आहे म्हणालो. हिचं जेवण पुन्हा उतरलं, म्हणून आमटीत शेंदेलोण चिमूटभर वाढवून घातलं. दोन घास जास्त गेले.

उशा आता चार.

मंगळवार, ८ डिसेंबर

आजचं आजच लिहायला हवं.

पहाटे हिच्या खोकल्याने जागा झालो. ही खाटेच्या कडेला पाय सोडून, दोन्ही हात गादीवर टेकून बसली होती आणि श्वास घेता येत नव्हता. ओठ काळेनिळे. मी "विनोदिनी" अशी हाक मारली. एकतीस वर्षांत हे नाव मी लग्नात घेतलं ते एकदा, आणि आता. खिडकी उघडली, पाठीशी बसून धरून ठेवलं. अर्ध्या तासाने जरा उतरलं.

दम जरा बसल्यावर ही म्हणाली, "नाव घेतलंत. तेही उखाण्याशिवाय." आणि मग म्हणाली, "बाळाबाईला काय बोललात ते मी ऐकलंय. भिंत केवढी ती. तिने मला कधी काही दिलं नाही. जाऊन तिला घेऊन या. उद्या माझं काही झालं तर तिची माफी मागायची राहील, तुमच्याकडून नव्हे, माझ्या घराकडून."

शेजारच्या शालूबाईंना हिच्यापाशी बसवलं, डॉक्टरांकडे निरोप दिला आणि पुलावरून सांगलवाडीला गेलो. बाळाबाई गोठ्यात धार काढत होती. उठली नाही.

"बाळाबाई, चुकलं माझं," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी किती वेळा म्हणालो असेन, बोटांवर मोजता येईल. ती चरवीतल्या धारेकडेच बघत होती.

आणि मग मला ते दिसलं. म्हशीच्या गव्हाणीत एक मोठा गुलाबी खडा होता आणि म्हैस तो चाटत होती. चाटून चाटून मधे खोलगट झाला होता.

"हे काय आहे?"

"शेंदेलोण की."

"म्हशीला उपासाचं?"

"कसला उपास? मीठ हाय त्ये, अण्णा. मीठ चाटलं की जनावर पानी जास्त पितंय. तुमचा खडा सोवळ्याचा नि ह्यो बाजारातला, पर खानीतून एकच येतंय. का वो? अण्णा, बसा हितं. काय झालं?"

मी गव्हाणीच्या कडेला बसलो. तो खडा उचलला, म्हशीची लाळ लागलेला, आणि जिभेला लावला. खारट. अर्थात खारट. बावीस दिवस मी ते कुटत होतो, बोटाने चाखत होतो, आणि खारट लागतं म्हणून मला आनंद होत होता. जीभ सांगत होती आणि मी ऐकत नव्हतो, कारण फळी उपासाची होती.

बाळाबाईला सगळं सांगितलं. तिने चरवी खाली ठेवली. "मग हितं काय बसलाय? आदी घरी जावा. म्या आलेच म्हशीला वैरन टाकून."

पूल धावत ओलांडला. छप्पन्नाव्या वर्षी धोतर हातात धरून. डॉक्टर येऊन पोचले होते. त्यांना दारातच सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "सैंधव म्हणा, शेंदेलोण म्हणा. एक समुद्रातलं आणि एक डोंगरातलं, एवढाच फरक. मला एकदा विचारायचं होतंत."

"विचारणार होतो," मी म्हणालो.

बुधवार, ९ डिसेंबर

काल दोन इंजेक्शनं दिली. पाणी सुटायला लागलं आहे. बाळाबाई आणि मी मिळून हिला उठवतो, बसवतो. बाळाबाई कालच्या विषयावर एक अक्षर बोललेली नाही. मी चहा करून दिला तर म्हणाली, "साखर लय झाली," आणि प्यायली.

हिला सांगायचं होतं. दिवसभर शब्द जुळवत होतो. संध्याकाळी दिवा लावल्यावर खाटेपाशी बसलो आणि सांगून टाकलं. शेंदेलोण मीठच असतं. मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. तुला खोटं सांगितलं. तीस वर्षांत मी खोट्या वजनावर कधी शिक्का मारला नाही, आणि तुझ्या ताटावर मारला.

हिने उशी सरकवून माझ्याकडे तोंड केलं.

"तुम्ही विचारलं नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"खोटं बोललात की तुम्ही चष्मा पुसता. लग्न झाल्यापासून पुसताय. दवाखान्यात 'काही झालं नाही तुला' म्हणालात, तेव्हा तर काच फुटते की काय असं वाटलं."

"मग खाल्लंस का?"

"खारट लागलं तेव्हा शंका आली होती. पण मला वाटलं उपासाचं आहे, देवाला चालतं ते हृदयाला चालेल. तुम्ही फसलात तशी मीही फसले." थांबली, श्वास घेतला. "आणि तुम्ही उंबऱ्यात उभे होतात. पळी हातात धरून. मी घास गिळते की नाही बघत. माझ्यासाठी असं कोण उभं राहिलं होतं आजवर?"

मला रडू आवरेना. हिने सुजलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि मी तो धरून बसलो. ही मला हवी आहे. एवढंच लिहायचं आहे, बाकी काही सुचत नाही.

बुधवार, १६ डिसेंबर

उशा दोन. काटा मागवला, पंचेचाळीस किलो आठशे. आकडा उतरला म्हणून इतका आनंद कधी झाला नव्हता. नाथाजी स्वतः काट्याबरोबर आला होता, दारातच उभा राहून हात जोडून गेला. जोडवी आज पुन्हा पायात गेली.

शेंदेलोणाची बरणी बाळाबाईला देऊन टाकली. मिठाचा डबाही. म्हणाली, म्हस आता तुमच्या नावानं रवंथ करील.

गुरुवार, २४ डिसेंबर

क्षमा आली. तिला सगळं लिहून कळवलं होतं, लपवलं नाही. मी शिक्षेची वाट बघत होतो. तिने आईचे पाय दाबून पाहिले, माझे फाटलेले हात पाहिले, आणि म्हणाली, "साताऱ्याला नंतर बघू." मग माझ्या ताटातला घास घेतला आणि थुंकायची तेवढी बाकी होती. "अण्णा, तुमच्याही ताटात मीठ नाही?"

"दोन पातेली कोण सांभाळणार?" मी म्हणालो.

तिने आईकडे पाहिलं. आईने सगळं ठाऊक असल्यासारखं कूस बदलली.

रविवार, ३ जानेवारी १९६५

मिठाशिवाय रांधायला आता कुठे शिकतो आहे. मीठ काढलं की जी जागा रिकामी होते ती एका कशाने भरत नाही, थोडं थोडं सगळं लागतं. दुधीला भाजलेलं जिरं आणि लिंबू. आमटीला चिंच-गूळ, पण चिंच आधी, गूळ मागून. वांगं निखाऱ्यावर भाजून कच्चा कांदा आणि कोथिंबीर. लसूण बाळाबाईच्या सांगण्यावरून सालासकट भाजतो आणि मग ठेचतो, तिखटपणा गोड होतो. ताकाला आलं. कोथिंबिरीचे देठ टाकायचे नाहीत, चव देठात असते.

हिने आज एक भाकरी खाल्ली. हळूहळू, पण खाल्ली. मी आता उंबऱ्यात उभा राहत नाही, समोर बसून जेवतो.

बुधवार, १३ जानेवारी

आज भोगी. डॉक्टरांनी हिला अर्धा तास बसून स्वयंपाक करायची परवानगी दिली आहे. तीन महिन्यांनी ही चुलीपुढे बसली. मला माजघरात खाटेवर बसवलं, म्हणाली, आता तुम्ही तिथून हुकूम सोडा. मी एकही सोडला नाही. बाजरीची भाकरी, तीळ लावून. वांगं, गाजर, पावटा, हरभरा, बोरं, सगळी भोगीची भाजी. स्वतःसाठी आधी काढून ठेवली आणि उरलेल्या भाजीत माझ्यापुरतं मीठ घातलं. बाळाबाईकडून पुडीत बांधून आणवलं होतं, मला न सांगता. डॉक्टरांनी मला कुठे बंद केलंय, म्हणाली.

चाखून पाहायची हिला मुभा नाही. हाताच्या अंदाजाने घातलं. आणि तो हात आता मिठाला भितो.

ताट वाढलं. मी पहिला घास घेतला. हिने हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि विचारलं,

"मीठ बरोबर आहे ना?"

अख्ख्या भाजीत गुंजभर असेल नसेल. मी मनाशी ठरवलं आणि उजवा हात भाकरीवर आणि डावा हात ताटाच्या कडेवर घट्ट धरून ठेवला. चष्म्याला बोटही लावलं नाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "फार छान झाली आहे. वाढ आणखी."

हिने वाढली. माझ्या ताटाच्या कडेकडे, माझ्या त्या डाव्या हाताकडे जरा वेळ बघत राहिली.

"उद्या थोडं जास्त घालीन हं," म्हणाली, आणि आपलं ताट घेऊन माझ्यासमोर जेवायला बसली.